दारातली झडती

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरीला होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कारखान्यात शिरताना रोज झडती व्हायची. काडेपेटी, विडी, लायटर असलं जे काही असेल ते दारात ठेवायचं, दोन्ही हात वर करायचे आणि पहारेकऱ्यानं काखेपासून घोट्यापर्यंत चाचपून "जा" म्हटलं की जायचं. संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा तेच. चौतीस वर्षं रोज दोनदा हात वर करणाऱ्या माणसाला निवृत्त झाल्यावर काय करावं ते कळेना. मग अण्णांनी घराच्या दारात खुर्ची टाकली आणि आमची झडती घ्यायला सुरुवात केली.

अर्थात गमतीनं. माझा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून ते चालू होतं. तो बाहेरून आला की अण्णा करड्या आवाजात "हात वर" म्हणायचे. पोरगं हात वर करून गर्रकन एक गिरकी घ्यायचं. खिशातून चिंचोके, बाटल्यांची झाकणं, एकदा तर जिवंत गोगलगाय निघाली होती. ती जप्त झाली आणि कुंडीत सोडली गेली. झडती संपली की अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारून "पास" म्हणायचे. मी ऑफिसमधून दमून आले तरी मला सूट नव्हती. माझी बॅग उघडून ते म्हणायचे, "लॅपटॉप आहे. म्हणजे घरीपण काम करणार. नापास."

नवरा तेव्हा नोकरीसाठी बंगळूरला होता, महिन्यातून एकदा यायचा. त्यामुळे घरात आम्ही तिघं. कारखान्याचं क्वार्टर सोडल्यावर आम्ही खडकीतच रेल्वेलाइनच्या पलीकडे, एका नव्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. इमारतीला लागून वस्ती होती, वस्तीच्या तोंडाशी बुद्धविहार, विहाराच्या कमानीवर निळा झेंडा. आमचे निम्मे नातेवाईक त्या वस्तीत. आम्ही इमारतीत राहायला गेलो म्हणून थोडे रुसलेले, पण रविवारी विहारात भेटणारे.

मी खराडीत एका आयटी कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर संशय घेण्याचा पगार मिळणारी बाई. डेव्हलपर म्हणायचा, चालतंय. मी म्हणायचे, दाखव. त्यानं दाखवलं की मी म्हणायचे, आता नावाच्या जागी आकडे टाकून दाखव. लोकांना माझा राग यायचा, पण वर्षअखेरीला माझं रेटिंग चांगलं असायचं. संशय माझ्या घराण्यातच आहे असं मी त्या वेळी अभिमानानं सांगायचे. आता सांगत नाही.

मुलगा दहावीत होता त्या वर्षीची ही गोष्ट. चोवीस तास बातम्या देणारी मराठी चॅनेलं तेव्हा नवी नवी होती, आणि चोवीस तास भरायचे कशानं हा त्यांच्यापुढचा मोठाच प्रश्न होता.

आमच्याकडच्या एका खाजगी क्लासमध्ये दोन मुलांची मारामारी झाली. एकानं दुसऱ्याच्या खांद्यात कर्कटक खुपसलं. कंपासपेटीत दोन टोकांचं असतं ना, तेच. मानेपासून चार बोटं खाली. चार टाके पडले आणि दोन दिवसांनी तो जखमी मुलगा दवाखान्यातून घरी आला. वाईटच झालं होतं, मी ते कमी करून सांगत नाही. चार बोटं वर लागलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्याही मनात आला. कारण माझा मुलगा त्याच क्लासला, त्याच बॅचला होता.

तो त्या संध्याकाळी घरी आला, हात वर करून झडती दिली, जेवला आणि झोपला. मी विचारलं, "क्लास झाला का?" तो म्हणाला, "लवकर सुटला." मला बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी टीव्हीवरून.

बातमीत नाव नव्हतं. "आरोपी अल्पवयीन असल्यानं आम्ही त्याची ओळख उघड करत नाही," असं निवेदिका फार जबाबदारीनं म्हणाली. आणि ती ते म्हणत असताना पडद्यावर आमची गल्ली होती. विहाराची कमान, कमानीवरचा झेंडा, नळावर पाणी भरणाऱ्या दोन बायका, आणि त्या सगळ्याभोवती एक लाल वर्तुळ. कर्कटक कुठं दिसलं नाही. त्याला ते "धारदार शस्त्र" म्हणत होते. जखमी मुलाचं घर दाखवलं नाही, त्याच्या इमारतीचं फाटक तेवढं दाखवलं, तेही धूसर करून. आमचा झेंडा मात्र धूसर केला नव्हता. पुण्यात आडनाव विचारायची जुनी रीत आहे. आडनाव न विचारता ते सांगायची ही नवी रीत मी त्या दिवशी पाहिली.

ऑफिसात जेवायच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणारी, पेठेतली, माझी सात वर्षांची मैत्रीण. तिनं डबा उघडता उघडता विचारलं, "तुमच्याकडे झालं ना गं ते?"

"आमच्याकडे म्हणजे?"

"खडकीत."

"हं. खडकीत."

तिनं मला नेहमीसारखी तिच्या डब्यातली अळूवडी दिली. मी खाल्ली. ती काय म्हणाली याचा मी परतीच्या बसमध्ये खडकी येईपर्यंत विचार करत होते. "तुमच्याकडे" हा शब्द तिनं गावाबद्दल वापरला की लोकांबद्दल? कदाचित गावाबद्दलच असेल. बाई चांगली आहे, माझ्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेली. पण कारखान्यात आत जाणाऱ्याला जसं "कदाचित" म्हणून सोडत नाहीत, तसं मला तिला सोडता येईना. अजूनही आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी चॅनेलची गाडी आमच्या गल्लीत आली. छपरावर ताटली असलेली. मी ऑफिसातून येऊन नुकतीच बसमधून उतरले होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बातमीदार पंचविशीचा, चुणचुणीत मुलगा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही इथं राहता का?"

"हो."

"म्हणजे या वस्तीशी तुमचा संबंध आहे?"

"माझी सख्खी मावशी तिथं राहते. बोला."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्यानं मान हलवली. "नको मॅडम," तो म्हणाला, आणि खरंच अवघडून म्हणाला, "तुम्ही आयटीतल्या ना, ते जरा मॅच होत नाही."

मॅच होत नाही! मी खराडीहून दीड तास लटकत आले होते आणि माझ्याच गल्लीत मी मॅच होत नव्हते. मला हसू आलं आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला त्या क्षणीच आवडलं नाही.

अण्णा विहाराच्या कट्ट्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बनियन, लेंगा, हातात पेपर. ते मॅच झाले. बातमीदारानं त्यांची खुर्ची दोन पावलं डावीकडे सरकवली, मागं झेंडा नीट यावा म्हणून. अण्णांनी सरकवू दिली. त्यांना वाटलं, ऊन लागतंय म्हणून सरकवताहेत.

"आजोबा, इथल्या मुलांमध्ये इतका राग कुठून येतो?"

"कुठल्या मुलांमध्ये?" अण्णा म्हणाले.

"म्हणजे, या भागातल्या."

"राग काय, तुमच्यातपण असेल की. तुम्ही कुठून आलात?"

बातमीदार हसला. मग त्यानं विचारलं की पालकांनी काय करायला हवं. अण्णांना बोलायला माणूस मिळाला. ते दहा मिनिटं बोलले. मी शेजारीच उभी होते, मला ते जवळजवळ पाठ आहे. ते म्हणाले, "साहेब, आम्ही चौतीस वर्षं झडती दिली. पण कारखान्यात संशय माणसावर नसतो, काडेपेटीवर असतो. म्हणून सगळ्यांची झडती. मोठ्या साहेबाचीसुद्धा. तोही हात वर करायचा, मीपण करायचो. त्यात अपमान नव्हता. एकट्याचीच झडती घेतली तर अपमान होतो. मी घरी माझ्या नातवाची रोज झडती घेतो. गंमत म्हणून. लेकीचीपण घेतो. कुणी माझी घ्यावी म्हणून हात वर करून उभा राहतो, तर कुणाला वेळ नसतो." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. बातमीदारानं "फार छान बोललात आजोबा" म्हणून त्यांच्याशी हात मिळवला.

रात्री आठ वाजता चर्चा होती. आम्ही तिघंही टीव्हीसमोर. मुलगा जेवणाचं ताट घेऊन, मी आणि अण्णा पलंगावर. पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत निवेदिका, एकीत कोट घातलेले एक गृहस्थ, एकीत खादीच्या झब्ब्यातले दुसरे, आणि चौथीत एक समुपदेशक बाई. खाली प्रश्न धावत होता: हिंसेला जात असते का? मी मनात म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर कार्यक्रम दोन मिनिटांत संपेल, म्हणजे उत्तर "नाही" येणार नाही.

कोटवाले गृहस्थ म्हणाले, घरात पुस्तकं नसतात, संस्कार नसतात, मुलं कुठं जातात हे आईबापांना ठाऊक नसतं. माझ्या मुलानं ताटातून मान वर करून आमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं अण्णांची पुस्तकांची तीन कपाटं होती. झब्बेवाले दुसरे गृहस्थ उसळून म्हणाले की हा हजारो वर्षांचा साचलेला विद्रोह आहे, त्या मुलाच्या हातातलं शस्त्र हे इतिहासानं दिलेलं शस्त्र आहे. त्यांनी आमची बाजू घेतली आणि मला जास्तच भीती वाटली. एक पंधरा वर्षांचं पोर, त्याच्या हातात शाळेच्या दुकानातली कंपासपेटी, आणि हे त्याच्या खांद्यावर इतिहास ठेवून मोकळे. दोघांनी मिळून त्याला पोर म्हणून शिल्लकच ठेवलं नाही. मधून मधून निवेदिका म्हणत होती, "थोडक्यात सांगा, वेळ कमी आहे."

मग अण्णा आले. मागं झेंडा, अंगात बनियन. आवाज आला, "मी घरी माझ्या नातवाची रोज झडती घेतो." बस्स. एवढंच. सगळं मिळून पाच-सात सेकंद. खाली लाल पट्टी: वस्तीतल्या आजोबांची कबुली.

कोटवाले गृहस्थ लगेच म्हणाले, "बघा. त्यांनाही ठाऊक आहे."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गंमत म्हणून, असं म्हटलं होतं मी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्हटलं होतं ना गं?"

"म्हटलं होतं अण्णा."

"मग ते कुठं गेलं?"

मुलगा ताट घेऊन उठला आणि मोरीत ठेवून आतल्या खोलीत गेला. दार लावल्याचा आवाज आला. टीव्हीवर समुपदेशक बाई पालकांना सांगत होत्या की हिंसक होऊ शकणारं मूल ओळखायची पाच लक्षणं असतात. एकटं राहणं, दार लावून बसणं, भूक मंदावणं, अचानक मार्क कमी होणं आणि घरच्यांच्या नजरेला नजर न देणं. खरं तर दहावीतल्या कुठल्या मुलात यातलं काय नसतं? कामावर अशी यादी माझ्याकडे आली असती तर मी ती परत पाठवली असती, की बाई, या यादीत सगळेच नापास होतात, ही टेस्ट काही टेस्ट नाही. पण घरी मी टेस्टर नव्हते. मी घाबरलेली आई होते. मी ती यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून दारातली झडती बंद झाली. मुलगा आला, सवयीनं थबकला, हात अर्धे वर गेले. अण्णांनी पेपर तोंडापुढे धरला. क्लासमधली मुलं त्याला "झडती" म्हणून चिडवायला लागली होती, हे मला बरंच नंतर कळलं.

आणि मी यादी तपासत राहिले. दार लावतो: हो. जेवत नाही: अर्धी पोळी टाकली. नजर देत नाही: हो. रोज एकेक खूण. पंधरा वर्षांचं माझं पोर, ज्याच्या कानामागचा तीळसुद्धा मला पाठ आहे, त्याला मी अनोळखी माणसाकडे बघावं तसं चोरून बघायला लागले. तो बाथरूममध्ये जास्त वेळ लावायला लागला की मी घड्याळ पाहायचे. मला स्वतःची शरम वाटायची आणि तरी मी थांबत नव्हते.

साधारण दोन आठवड्यांनी त्याच्या शाळेच्या दप्तरात मला भूमितीच्या चाचणीचा पेपर सापडला. सापडला कसला, मी दप्तर उपसलं होतं. चाळीसपैकी सतरा. नेहमी पस्तीसच्या वर असायचा. रचनांच्या प्रश्नात सगळी वर्तुळं वाकडीतिकडी, नुसत्या हातानं काढल्यासारखी. बाजूला लाल शाईत बाईंचा शेरा: परकार कुठे आहे?

मी कंपासपेटी उघडली. पट्टी होती, कोनमापक होता, खोडरबर होतं. परकार नव्हता. कर्कटक नव्हतं. दोघांच्या जागी नुसते रिकामे साचे.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी इथं लिहिणार नाही. एवढं लिहिते की त्या क्षणी मी त्या कोटवाल्या गृहस्थांच्या बाजूला उभी होते.

तो क्लासवरून आला. मी दारातच उभी राहिले, अण्णांच्या खुर्चीपाशी. कंपासपेटी उघडी धरून विचारलं, "यातलं कर्कटक कुठंय?"

त्यानं पेटीतल्या रिकाम्या साच्यांकडे पाहिलं.

"मी काय विचारतेय? कुणाला दिलंस? कुठं ठेवलंयस? खिशात आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं. मग त्यानं क्लासची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. गिरकी घेतली नाही. तसाच उभा राहिला.

आणि मी, देवाशप्पथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरं सांगते, मी त्याचे खिसे चाचपले.

खिशात बसचं तिकीट होतं आणि शेंगदाण्याची पुडी. अण्णा आतून आले. त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, ज्यात ते कारखान्याचा पास आणि पेन्शनचे कागद ठेवायचे. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. कागदांवर कर्कटक आणि परकार, शेजारी शेजारी.

"मी काढून घेतो रोज सकाळी," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी अभ्यासाला परत देतो. टीव्हीवर ते आल्यापासून. आपल्या पोराच्या दप्तरात सापडलं तर त्याला कंपास कोण म्हणणार आहे? आत जाताना काडेपेटी दारात ठेवलेली बरी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, अण्णा, काहीतरीच काय."

खरंच म्हटलं असतं. सकाळी साडेसहाला मी बस पकडायला बाहेर पडायचे. त्यानंतर आजोबा आणि नातू दोघं दारात उभे राहून ही झडती करायचे. पूर्वीची गंमत उलटी झाली होती. आता घरातून बाहेर पडताना, खरीखुरी, आणि "पास" न म्हणता. शाळेत चाचणी असली तरी परकार न्यायचा नाही, हे दोघांचं ठरलं होतं. शेजारच्या मुलाकडून का नाही मागितला, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "माझ्या हातात ते बघून सगळे हसले असते."

मी त्याला जवळ घ्यायला गेले. तो मागं सरकला.

"तुला एक विचारू?" तो म्हणाला. "तू बातम्या बघितल्यास. चर्चा बघितलीस. लक्षणं लिहून घेतलीस, मी वाचली ती वहीत. माझं दप्तर बघितलंस. मी तिथं होतो आई. दुसऱ्या बाकावर. काय झालं, हे मला कुणी विचारलंच नाही. तूपण नाही."

मी खाली बसले. सगळा महाराष्ट्र ज्यावर बोलत होता ते ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, तो माझ्या घरात, भिंतीपलीकडे होता. आणि मी भिंतीच्या या बाजूला बसून चार चौकटींना विचारत होते.

"सांग," मी म्हटलं.

त्यानं उभ्यानंच सांगितलं. क्लासमध्ये आठवड्याच्या चाचणीच्या मार्कांप्रमाणे बाक मिळायचे. पहिल्या बाकावर पंखा. ते दोघं मित्र होते, एकाच सायकलवर डबलसीट यायचे. मग एका आठवड्यात वस्तीतला मुलगा पहिल्या बाकावर गेला आणि दुसरा त्याच्यामुळं तिसऱ्यावर सरकला. तो सरकताना म्हणाला, "हा बाक मार्कांचा आहे रे, कोट्याचा नाही." सगळे हसले. सरसुद्धा हसले. मग ते रोजचंच झालं. पंखा लावला की "कोट्यातला वारा". खडू मागितला की "कोट्यातला खडू". आठ दिवस. नवव्या दिवशी त्या दुसऱ्यानं वस्तीतल्या मुलाच्या पेपरावर काहीतरी लिहिलं आणि वर्गात फिरवलं. काय लिहिलं होतं ते माझ्या मुलानं मला सांगितलं, मी सांगणार नाही. ते वाचून वस्तीतला मुलगा वळला, तेव्हा रचना काढत होता, हातात कर्कटक होतं.

"सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, पोलिसांना कुणी काही सांगायचं नाही, क्लासचं नाव खराब होईल."

अण्णा खुर्चीत बसले होते. टीव्हीवरचे ते दोघं, कोटवाले आणि झब्बेवाले, पूर्ण खोटं कुणीच बोलत नव्हते. पण त्या दोघांनाही बाक ठाऊक नव्हता, पंखा ठाऊक नव्हता, आठ दिवस ठाऊक नव्हते, डबलसीट ठाऊक नव्हती. मी हे त्यांच्यावर रागवून मनात म्हणत होते, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अजून एक आहे."

"काय?"

"मीपण हसलो होतो. आठही दिवस."

अण्णांनी मान खाली घातली.

"मी नसतो हसलो तर त्यांना कळलं असतं," तो म्हणाला. त्या क्लासमध्ये आमच्या इमारतीचा पत्ता दिलेला होता, आणि आमचं आडनाव असं की पटकन कळत नाही. अण्णा टीव्हीवर येईपर्यंत मुलगा त्या आडनावाआड लपून बसला होता. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग त्याला रडू आलं, आणि या वेळी तो मागं सरकला नाही.

जेवायला बसलो तेव्हा त्यानं विचारलं, "मी सांगू का कुणाला? त्याच्या वकिलांना? आठ दिवसांचं कुणीच सांगितलेलं नाहीये."

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? लाल वर्तुळ आलं. पोलीस चौकी आली, दारात छपरावर ताटली असलेली गाडी आली. आमच्या कंपनीत नोकरीवर घेताना माणसाची सगळी पार्श्वभूमी तपासतात, तो फॉर्म आला. मी म्हटलं, "दहावी होऊ दे."

तो "बरं" म्हणाला. अण्णांनी डबा उचलून कपाटावर ठेवला.

दहावी झाली. चांगले मार्क पडले. वस्तीतल्या त्या मुलाची त्या वर्षी दहावी झाली नाही. त्याचे आईवडील वस्ती सोडून कात्रजकडे राहायला गेले. चॅनेलनं पुन्हा कधी काही दाखवलं नाही, कारण त्यांचे चोवीस तास दुसऱ्या कशानंतरी भरले होते. त्या मुलाची आई पूर्वी रविवारी विहारात माझ्या शेजारी बसायची. एकदा ती मला स्वारगेटच्या स्टँडवर भेटली. खूप वाळली होती. तिनं विचारलं, "ताई, तुमचा मुलगापण त्याच क्लासला होता ना हो? त्यानं काही बघितलं का?"

मी म्हटलं, "त्या दिवशी गेला नव्हता तो."

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला. आयुष्यभर मी ज्याच्यात्याच्यावर संशय घेत आले, आणि तिनं माझ्यावर जरासुद्धा घेतला नाही.

हे मी मुलाला कधी सांगितलं नाही. अण्णा गेले. मुलगा इंजिनियर झाला, माझ्यासारखाच खराडीला लागला. तिथल्या दारात पहारेकरी बॅग तपासतो, यंत्र अंगावरून फिरवतो. सगळ्यांचीच तपासणी होते, मोठ्या साहेबाचीही. अण्णांना ते आवडलं असतं.

मागच्या वर्षी टीव्हीवर पुन्हा तसलीच चर्चा लागली होती. गाव दुसरं, मुलं दुसरी, चौकटी आता आठ झाल्या होत्या. मुलगा शेजारी बसून मोबाईल बघत होता. मी आवाज बंद केला. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "तू तेव्हा जे पाहिलंस ना, ते सांगायला हवं होतं रे कुणालातरी."

त्यानं मोबाईलवरून नजर काढली नाही.

"सांगू का आता?" तो म्हणाला. "दहावी झाली ना गं माझी?"

त्याला नोकरीला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती.